एकही पायरी नसलेला राजवाडा

सांबरकोंडच्या राजवाड्यात सगळं होतं, फक्त माणूस येत नव्हता. श्रीमंत रणधवलराव महाराजांनी वाड्याचं हॉटेल केलं, झुंबरं पुसून घेतली, दारात तुतारीवाला उभा केला. तो बिचारा रोज जांभया देऊन घरी जायचा.

वेबसाइट होती, नाही असं नाही. दिवाणजी त्र्यंबकपंतांनी ती स्वतः लिहिली होती. उघडली की पहिलीच ओळ, ‘राजेशाही वैभवाचा गगनचुंबी आविष्कार!’ आता खरं सांगायचं तर वाडा गगनाच्या आसपासही नव्हता. सगळा तळमजला! महाराजांचे पणजोबा शत्रूला भीत नसत, पण दोन पायऱ्या चढले की त्यांना घेरी यायची. म्हणून वाडा बांधताना त्यांनी जिना तर सोडाच, कुठे उंबरासुद्धा ठेवू दिला नाही. घराण्यात ही गोष्ट कुणी काढत नसे. वाडा उंच दिसावा म्हणून फोटोसुद्धा फोटोवाल्याला जमिनीवर पालथं झोपवून काढून घेतले होते.

शेवटी महाराज कंटाळले. त्यांनी सगळ्या नोकरांना सदरेवर बोलावलं.

“दत्तजयंतीपर्यंत सगळ्या खोल्या भरल्या नाहीत, तर हॉटेल बंद. तुम्ही आपापल्या घरी.”

हौसा पुढे झाली. फोन घ्यायच्या टेबलावर ती आणि मुदपाकखान्यात तिचा नवरा. दोघांची चूल या वाड्याच्याच जिवावर पेटायची.

“सरकार, मी भरते खोल्या,” ती म्हणाली.

दिवाणजी हसले. “तू? अगं, मी विशेषणं लावून लावून दमलो!”

“भर की,” महाराज म्हणाले. “पण दमडी मिळणार नाही. वाड्याची वीट हलवायची नाही. आणि आमच्या नावावर खोटं छापायचं नाही. सांबरकोंडकर खोटं बोलत नाहीत.”

“मग ते ‘गगनचुंबी’ काढू ना सरकार?”

महाराजांनी मिशीला हात लावला आणि खिडकीबाहेर बघितलं. “काढ,” ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी दिवाणजी धापा टाकत सदरेवर आले. “सरकार, घात झाला! हे वाचा.”

महाराजांनी मोबाइल हातात घेतला. राजमुद्रेच्या बरोब्बर खाली लिहिलं होतं: ‘गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना घेऊन राहायला, एकही पायरी नसलेलं हॉटेल. बाथरूमलाही उंबरा नाही. कमोड आहे.’

“कमोड? आमच्या राजमुद्रेखाली कमोड? हौसे, पणजोबांची अब्रू वेशीवर टांगलीस तू!”

“पणजोबांचं नाव कुठं घेतलंय सरकार? आणि यात खोटं काय आहे तेवढं दाखवा, लगेच पुसते.”

महाराजांनी पुन्हा वाचलं. खोटं काही सापडेना, त्यामुळे ते आणखीच चिडले.

“पण असलं शोधतं कोण?”

“फोनवर मीच बसते की. वैभवाची चौकशी आजवर एकानं केली नाही. एक म्हणतो, सासूबाईंना जिना चढवत नाही, खालची खोली आहे का? दुसरी म्हणते, अण्णांना खाली बसता येत नाही, काय सोय आहे? माणूस तोंडानं जे विचारतो, तेच मोबाइलात लिहून शोधतो. बघा ना आपणच. ‘राजेशाही हॉटेल’ म्हणून शोधा.”

महाराजांनी शोधलं. राजवाडेच राजवाडे निघाले! अंगठा दुखेपर्यंत सरकवत राहिले, पण सांबरकोंड काही येईना.

“आम्ही कुठे आहोत?”

“रांगेत आहोत सरकार. फार मागे.”

सांबरकोंडकर जन्मात कधी रांगेत उभे राहिले नव्हते. ते महाराजांच्या मनाला फार लागलं.

“राहू दे तुझी ओळ,” ते म्हणाले. “पण खोल्या रिकाम्या राहिल्या, तर पहिली तूच घरी जाशील.”

पुढचे काही दिवस कुणीच फिरकलं नाही. दिवाणजी येता-जाता टेबलापाशी थांबून विचारायचे, “काय हौसाबाई, आले का गुडघे?” हौसा वरवर हसायची आणि फोन चालू आहे ना, ते पुन्हा उचलून बघायची.

मग ती ओळ वाचून नाशिकहून एक फोन आला. आजींचं सहस्रचंद्रदर्शन करायचं होतं. पायरी नाही हे नक्की ना, एवढं त्या माणसाने तीनतीनदा विचारून घेतलं.

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी वाड्यापुढे गाड्याच गाड्या लागल्या. आजी उतरल्या, त्यांच्या दोन बहिणी उतरल्या, मग मुलं, सुना, जावई, व्याही आणि नातवंडांचा कालवा. खोल्या पुरेनात! आजी दारात आल्या, सवयीने पाय उचलून पायरी चाचपली, सापडली नाही तशा सरळ आत चालत गेल्या आणि सदरेवर महाराजांच्याच खुर्चीत बसल्या.

“ज्यानं हा वाडा बांधला ना,” त्या महाराजांना म्हणाल्या, “त्याला म्हातारपणाची कदर होती हो. देव त्याचं भलं करो.”

पणजोबांच्या वाड्याला कुणी नावाजलेलं महाराज पहिल्यांदाच ऐकत होते. “आमचे पणजोबा,” ते म्हणाले, आणि चक्क छाती पुढे काढून म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी हौसाला बोलावलं. “तू बोलावलंस दुखऱ्या गुडघ्यांना. मग ही धडधाकट पलटण कुठून आली?”

“सरकार, आजी एकटी कुठं येते? घरात पन्नास माणसं असू देत, हॉटेल ठरतं ते सगळ्यात दुखऱ्या गुडघ्यावरून!”

महाराज मांडीवर थाप मारून हसले. “शाब्बास! माग, काय हवं ते माग.”

“‘काय हवं ते’ एवढ्यावर सोडलं, तर दिवाणजी शाल आणि नारळ देतील,” हौसा म्हणाली. “म्हणून नेमकं सांगते. नदीकडच्या खिडकीची, मुदपाकखान्याशेजारची, पाहुण्यांना देत नाही ती खोली, नवरा-बायकोला राहायला, नोकरी असेपर्यंत, बिनभाड्याची. आणि एक तारखेपासून दोघांना दीडपट पगार.”

शेजारी उभ्या दिवाणजींनी हातातलं ताट हळूच पाठीमागे नेलं. ताटात शाल होती आणि नारळही होता.

महाराजांना हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं. “बघता काय, पंत? एवढं नेमकं मागितल्यावर दुसरं काही द्यायला जागा ठेवलीय का तिनं? आणा त्या खोलीची किल्ली!”