मोरसावरचा आळ

वाळवंटाच्या कडेला झाडांची एक लांब रांग होती. मागच्या शेतांवर धूळ येऊ नये म्हणून ती उभी होती आणि तिच्या पायाखालची जमीन खारी होत चालली होती. वर ओल उरली नव्हती. खोलवर पाणी होतं, तेही मचूळ. मोठी झाडं त्यातलं गोड तेवढं शोषून घेत आणि मीठ मुळांपाशी सोडून देत. पिढ्यान्पिढ्या हेच चाललं असल्यानं त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं.

मग रांगेत मोरस आला. बुटका, जाड पानांचा, कुणी न लावलेला. निंबाच्या एकुलत्या एका रोपाशेजारीच त्यानं बस्तान मांडलं. त्याच सुमारास रोपाची खालची पानं पिवळी पडली आणि निंबाची झोप उडाली.

संशयाला पुरावा लागतोच असं नाही, पण इथं तो मिळाला. मोरसाचं एक गळलेलं पान वाऱ्यानं बाभळीच्या बुंध्याशी येऊन पडलं. ते खारट निघालं. बाभळीनं ही बातमी रांगभर पोचवली.

"मीठ असतं तिथं मी येतो," मोरस म्हणाला. "मी ते आणत नाही."

"सापडल्यावर सगळे असंच म्हणतात," बाभूळ म्हणाली.

मोरस येण्याआधीही जमीन पांढरी पडत होती, हे गवताला आठवत होतं. पण गवत बाभळीच्या सावलीत राहायचं. ते गप्प बसलं. मग त्या गप्पपणाचाही संशय येऊ लागला, तेव्हा त्यानं घाईघाईनं मान डोलावली.

झाडांना कुणाला हाकलता येत नाही. त्यांची रीत वेगळी होती. नकोशा झालेल्याच्या अंगावर बाभूळ शेंगा टाकायची. शेंगांसाठी शेळ्या यायच्या, पुढचं त्या बघायच्या आणि बाभूळ नामानिराळी राहायची.

निंब एकदा कचरला. रोपाची नवी पालवी मोरसाच्याच बाजूला फुटत होती. पण त्यातही त्याला डाव दिसला. लबाड माझ्या पोराला फितवतोय, असं म्हणून त्यानं होकार दिला.

शेळ्या आल्या. त्यांनी शेंगा खाल्ल्या, मोरसाची पानं खाल्ली, आणि एका थोराड शेळीनं त्याचा बुडखा दातांत धरून हिसका दिला. मोरस मुळासकट वर आला. त्याच्याखालची माती काळीभोर आणि ओली होती. त्याच्या मुळांना दुसरीच कोवळी, पांढरी मुळं घट्ट बिलगलेली होती. शेळी त्याला ओढत निघाली तशी ती ताणली गेली आणि शेजारी निंबाचं रोप आडवं झालं.