यमुताईंची एक अट

भोसरीत यमुताई गव्हाण्यांच्या शेडमध्ये वायरी कापायच्या मशीनची कटकट चालायची, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तिथे बायका टीव्हीच्या वायरी जोडायच्या आणि मी त्या टेंपोने कारखान्यात पोचवायचो. कारखान्याची मागणी मात्र नेहमी अचानक यायची, मग माल निघायला उशीर व्हायचा.

एकदा तिथले मोठे साहेब, प्रभुणे, यमुताईंना कारखान्यात बोलावून सगळ्यांसमोर कडाडले, "तुमच्यामुळे आमचं काम अडतं. आजपासून तुमचा सगळा साठा कॉम्प्युटरवर भरायचा. मला इथे बसून दिसला पाहिजे. आपल्यात आडपडदा नको. जमत नसेल तर काम बंद!"

यमुताई हळूच म्हणाल्या, "भरते की. पण साहेब, लग्नात अंतरपाट खाली आला की एकटी नवरीच दिसते का हो?"

"म्हणजे?"

"नवरदेवही दिसतो ना! पुढच्या महिन्यात तुम्ही किती टीव्ही करणार, ते आम्हालाही दिसू द्या. आधी कळलं तर वायरी आधी तयार ठेवू. मग उशीर झाला, तर खुशाल काम काढून घ्या."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी चष्मा पुसला. पुढच्या महिन्याचा तक्ता उघडून स्क्रीन यमुताईंकडे वळवली.