शेंगांचं पोतं

एका उघड्या माळावर एक घर होतं. त्या घरात शिरायला पैसा लागत नसे, वशिला लागत नसे. फाटकात उभं राहून एकच वाक्य म्हणावं लागे, "माझ्याच्यानं दारू सुटत नाही." ते म्हणता आलं की माणूस आत. ते म्हणता न आल्यामुळे कितीतरी माणसं फाटकावरूनच परत गेली होती, कारण हे वाक्य भल्याभल्यांच्या घशात अडकतं.

घर एका ख्रिस्ती पाळकांनी काढलं होतं. अब्राहम उजागरे त्यांचं नाव. सगळे त्यांना पाळकसाहेब म्हणत. तरुणपणी साहेब स्वतःच दारू पिऊन रस्त्याच्या कडेला पडलेले असत. त्यांची थोरली बहीण रोज संध्याकाळी, गुत्त्यावर गर्दी व्हायच्या वेळेला, त्यांच्यापुढे भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप ठेवी आणि विचारी, "तहान लागलीय का रे अब्रू?" लागलीय म्हटलं की तीही समोर बसे. दोघं शेंगा फोडत राहत. उपदेश नाही, शिव्या नाहीत. अशी त्यांची दारू सुटली. पुढे बहीण वारली आणि तिच्या माघारी त्यांनी हे घर उभं केलं.

घराची रीत साधी होती. पहाटे घंटा, मग प्रार्थना, मग शास्त्रवाचन. त्यानंतर शेळ्या, भाजीचा मळा, पावाची भट्टी, ज्याला जे जमेल ते काम. मोबाईल कपाटात कुलूपबंद. घरची माणसं भेटायला येत ती रविवारी. प्रत्येक नव्या माणसाला एक जुना माणूस जोडून देत. त्याला त्याचा 'भाऊ' म्हणत. आणि बरा होऊन कोणी घरी निघाला की तो उपासनेत उभा राहून साक्ष देई. म्हणजे आपण काय होतो आणि देवानं आपल्याला कसं उचललं, ते चारचौघांत सांगे.

पण हे घर खरं चालायचं ते संध्याकाळच्या जोरावर. दिवेलागणीला सगळे ओसरीवर जमत आणि पाळकसाहेब बहिणीचाच प्रश्न विचारत, "आज कोणाला तहान?" ज्याला पिण्याची इच्छा झाली असेल त्यानं हात वर करायचा. कोणी हसत नसे, कोणी रागावत नसे. कोपऱ्यात शेंगांचं पोतं होतं. हात वर करणाऱ्याचा भाऊ उठून ते ओढी, आणि तहान ओसरेपर्यंत दोघं शेंगा फोडत बसत. "काल कोण शेंगांना बसलं होतं?" असं तिथं सहज विचारत. आपण "काल कोणाला ताप होता?" विचारतो ना, तसंच. जेवणात रोज शेंगदाण्याची चटणी असे आणि ती कोणाच्या तहानेतून आली ते सगळ्यांना माहीत असे.

या घरी शांतवन भिंगारदिवे आला. लग्नाच्या बँडमध्ये तो क्लॅरिनेट वाजवायचा. वरातीत वाजवणाऱ्यांना दारू पाजणं लोकांना मोठेपणाचं वाटतं. त्या मोठेपणात शांतवनचं घर बुडालं. बायको एस्तेर मुलीला घेऊन माहेरी गेली होती. तिनंच त्याला फाटकापर्यंत आणून सोडलं. जाताना ती म्हणाली, "दारू सुटली तर आमी तुमच्यापाशी येऊ. न्हाई सुटली तर आमच्या दारात येऊ नका."

शांतवन मनापासून राहिला. शेळ्या राखल्या, पाव भाजले. कितीतरी संध्याकाळी त्यानं हात वर केला आणि आपल्या भावाबरोबर तो शेंगांना बसला. त्याचा चेहरा भरला, हातांचा कंप गेला. मग एका रविवारी तो साक्ष द्यायला उभा राहिला.

गडी मुळात कलावंत. वरातीत बोहल्यापर्यंत लोकांना नाचवत नेणारा. त्याला लोकांचा श्वास कळायचा. बोलता बोलता त्यालाच भरून आलं आणि तो ओरडला, "प्रभूनं माझी तहान नेली! कायमची नेली!" बायका रडल्या, पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. त्या क्षणी तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं. पण वाटणं एका दुपारचं होतं आणि शब्द 'कायमची' होता.

पाळकसाहेबांनी त्याला मिठी मारली. इतक्या वर्षांत असा शब्द त्यांच्या घरातून निघाला नव्हता. आजवर तिथले लोक साक्षीत म्हणायचे, "आज प्यालो नाही, उद्याचं देव बघेल." अशा साक्षीवर कोण टाळ्या वाजवतो? साहेबांनी त्याची साक्ष रेकॉर्ड करून घेतली. त्याला घरी न पाठवता ते दर रविवारी वेगवेगळ्या गावच्या चर्चमध्ये घेऊन जाऊ लागले. लोक भारावत, घराला मदत करत. ओसरीच्या भिंतीवर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं, 'येथे तहान कायमची जाते.'

एका संध्याकाळी शांतवननं साहेबांना शेळ्यांच्या गोठ्याकडे गाठलं.

"साहेब, आज तहान लागलीया."

"कोणाला?"

"मला."

साहेब घाबरले. मला त्यांचा राग येतो तो इथं. ते शांतवनसाठी घाबरले नाहीत, भिंतीवरच्या अक्षरांसाठी घाबरले. "असं तोंडातून काढू नकोस," ते म्हणाले. "तू साक्ष दिली आहेस. हा सैतानाचा आवाज आहे. हात वर करू नकोस, पोरांचा विश्वास डळमळेल."

शांतवननं त्या संध्याकाळी हात वर केला नाही. त्याच्या भावानं त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ज्याची साक्ष गावोगाव चालली आहे तोच हात वर करत नाही म्हटल्यावर बाकीचे कशाला करतील? हळूहळू ओसरीवरचे हात कमी झाले, मग थांबले. साहेबांनी प्रश्नही बदलला. ते विचारू लागले, "तहान गेली ना?" आणि सगळे एका सुरात म्हणू लागले, "गेली!" पोत्यातल्या शेंगांना भुंगे लागले. चटणीसाठी सोललेले दाणे बाजारातून येऊ लागले.

मग एस्तेरच्या माहेरगावच्या चर्चमधून बोलावणं आलं. शांतवननं साक्ष दिली. पुढच्या चटईवर मुलीला मांडीवर घेऊन एस्तेर बसली होती. उपासना सुटल्यावर ती त्याच्यापाशी आली. पाळकसाहेब बाजूलाच उभे होते.

तिनं हळूच विचारलं, "खरंच गेली का वो तहान?"

त्याला एवढंच म्हणायचं होतं की नाही, गेली नाही, पण मी प्यालो नाही. एवढं बोलला असता तर एस्तेर घरी रोज शेंगा घेऊन त्याच्यासमोर बसली असती. तशीच बाई होती ती. पण त्यानं साहेबांकडे पाहिलं, आजूबाजूच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "गेली."

"मग चला घरी," एस्तेर म्हणाली.

घरी सगळं चांगलं होतं, आणि तीच अडचण होती. बायको खूश, मुलगी गळ्यात पडलेली. 'गेली' म्हणून घेतलेला संसार 'लागली' म्हणून मोडायचा कसा? तो कळशीभर पाणी प्यायचा, अंगणात येरझाऱ्या घालायचा. एस्तेर विचारायची, "काय होतंय?" तो म्हणायचा, "काय न्हाई."

शेवटी एका संध्याकाळी तो कोणाला न सांगता माळावरच्या घरी आला आणि फाटकात उभा राहिला. तेव्हाही तो प्यालेला नव्हता. हे लक्षात ठेवा.

पाळकसाहेब लगबगीनं बाहेर आले. आत घराला मदत करणारे पाहुणे चहा घेत होते आणि स्पीकरवर शांतवनचीच साक्ष चालू होती.

"साहेब, शेंगांना बसायचंय."

"आज? अरे, पाहुणे तुझीच साक्ष ऐकताहेत. तू असा दारात दिसलास तर काय म्हणतील? रविवारी ये. मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो."

आतून त्याचाच आवाज आला, "कायमची नेली!" शांतवननं तो ऐकला आणि तो मागे फिरला. डांबरी सडकेवर देशीचं दुकान उघडंच होतं. त्या दुकानात शिरायला कुठलंही वाक्य म्हणावं लागत नाही.

सकाळी तो कालव्यात सापडला.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, "आपला बंधू पाय घसरून पडला." सगळ्यांनी आमेन म्हटलं. आणि पुढच्या रविवारी, सांगायला लाज वाटते, पण उपासनेत स्पीकरवर पुन्हा शांतवनची साक्ष वाजली. नव्या लोकांना धीर यावा म्हणून, असं साहेब म्हणाले.

मग एके दिवशी संध्याकाळच्या बैठकीला एस्तेर आली आणि ओसरीच्या कडेला एका खुर्चीवर बसली. साहेबांनी विचारलं, "तहान गेली ना?" सगळे म्हणाले, "गेली!"

एस्तेर उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता. "साहेब, तहान लपवायला आमचं घर पुरं हुतं. इथं ती सांगता येती म्हणून त्यांना आणून सोडलं हुतं मी."

साहेबांची नजर कोपऱ्यातल्या पोत्याकडे गेली. त्यांना बहीण आठवली असेल का? असेलही. ते वाईट माणूस नव्हते, म्हणून तर चीड जास्त येते.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक हात वर आला. सायमन पाटोळे नावाचा टेम्पोवाला होता, नवाच आलेला.

"मला लागलीया तहान," तो म्हणाला. "आत्ता. लई."

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. एका माणसानं उठून पोतं ओढायचं, एवढंच काम होतं. पण ते कसं करतात हे आता नव्यांना ठाऊक नव्हतं आणि जुन्यांना धीर नव्हता. मग साहेबांना जे सोपं वाटलं ते त्यांनी केलं. ते म्हणाले, "आपण डोळे मिटून या बंधूसाठी प्रार्थना करू या."

सगळ्यांनी डोळे मिटले. प्रार्थना सुंदर झाली आणि लांबली.

डोळे उघडले तेव्हा सायमनची जागा रिकामी होती आणि फाटक उघडं होतं. एस्तेरही जागेवर नव्हती. सडकेच्या दिशेनं त्याच्यामागे धावत गेली होती ती एकटी तीच.

तात्पर्य: जिथं 'बरा झालो' एवढंच ऐकून घेतात, तिथून आजारी माणूस मुकाट्यानं निघून जातो. बुडणाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करावी, पण डोळे उघडे ठेवून आणि त्याच्या शेजारी बसून.