पाटीवरचा नून

“या खडखडाटात माणसाने लिहायचं तरी कसं?”

तौफिकने बोरू आपटला. शाईचे शिंतोडे कागदभर उडाले.

मुनव्वर उस्तादांनी तो कागद उचलून बाजूला ठेवला आणि दुसरा पुढे सरकवला.

मालेगावातली ती लहानशी खोली. भिंतीपलीकडे नझीरभाईंचे सहा यंत्रमाग. सकाळी सुरू झाले की दौतीतल्या शाईवरसुद्धा बारीक लहरी उठायच्या.

मुनव्वर उस्ताद कातिब. उर्दू पुस्तकं हाताने लिहून देण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. आता नजर अधू झाली होती. तौफिक तांबोळी दौंडचा. चित्रकलेच्या महाविद्यालयात पहिला आलेला, आणि ते विसरू न देणारा. दोन वर्षं तो त्यांच्याकडे अक्षर शिकत होता.

मोहल्ल्यातल्या नव्या वाचनालयाची पाटी उस्तादांनी त्याच्यावर सोपवली होती. एकच ओळ. उद्या कमिटीची माणसं न्यायला येणार होती. ओळ तयार नसेल तर कॉम्प्युटरवर अक्षरं कापून चिकटवू, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

ओळ अडत होती ती शेवटच्या नूनवर. नून म्हणजे उर्दूतला ‘न’. वाटीसारखं वळण, एका दमात ओढायचं. अकरा कागद त्या वाटीत बुडाले होते.

“तुम्हाला सवय झालीय, उस्ताद. मी दगड नाही!”

“मग काय करावं म्हणतोस?”

“माग बंद करायला सांगा.”

“तूच सांग.”

तौफिक तरातरा शेजारी गेला. साठीचे नझीरभाई मागांमधून फिरत होते. केसांवर, भुवयांवर कापसाची भुकटी.

“तासभर बंद करा हे! तिकडे कलेचं काम चाललंय आणि इथे तुमचा धिंगाणा!”

नझीरभाईंनी कानामागे हात धरला. त्याला सगळं पुन्हा ओरडून सांगावं लागलं.

“कसलं काम?”

“वाचनालयाची पाटी!”

नझीरभाईंनी मागांकडे पाहिलं. त्यांनाही उद्या सकाळी माल पोचवायचा होता. तरी एकेक करत त्यांनी साही माग थांबवले.

“मला वाचता येत नाही,” ते म्हणाले. “पण माझी नात जाईल तिथे. लिही.”

तौफिक परत येऊन बसला. बोरू शाईत बुडवला.

शांतता...

ओळ छान उतरत गेली. नूनपाशी आला आणि बोरू अडखळला. वाटी तिरकी झाली.

“ते घड्याळ,” तो चिडून म्हणाला. “टिकटिक करतंय.”

उस्ताद उठले. चाचपडत भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि गादीखाली ठेवलं.

पुन्हा तेच. वाटी फुटली.

“पंखा. कागद हलतोय.”

उस्तादांनी पंखा बंद केला. एप्रिलची दुपार होती. दोघांच्या कपाळावरून घाम गळू लागला.

पुन्हा तेच.

“आणखी काय बंद करू?” उस्तादांचा आवाज आता चढला होता. “बोल ना! बाहेर चिमण्या आहेत, त्यांना हाकलू? गल्लीत म्हातारा खोकतोय, त्याचं तोंड दाबू?”

“तुम्ही माझ्याकडे टक लावून बसलात तर मी कसा...”

“बरं. मीही जातो.”

उस्ताद बाहेर गेले. जाताना दार ओढून घेतलं.

आता खोलीत कुणी नव्हतं. कसलाही आवाज नव्हता. तौफिकने नवा कागद घेतला. त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. कॉलेजातल्या टाळ्या आठवत होत्या. उद्या कमिटीची माणसं काय म्हणतील ते ऐकू येत होतं. उस्ताद बाहेर काय सांगत असतील, तेही...

नूनपर्यंत तो पोचलाच नाही. मधल्याच अक्षरावर शाईचा थेंब पडला.

तो कितीतरी वेळ त्या डागाकडे बघत राहिला. ओरडावं तर कुणावर?

मग त्याने दार उघडलं. उस्ताद आणि नझीरभाई ओट्यावर गप्प बसले होते.

“झालं?” नझीरभाईंनी आशेने विचारलं.

तौफिकची मान खाली गेली. “माग चालू करा, नझीरभाई... तुमचा खोळंबा झाला.”

नझीरभाई उठले. थोड्याच वेळात भिंत पुन्हा हादरू लागली. उस्ताद आत येऊन बसले. तौफिकने हातपाय धुतले, कागद घेतला आणि बसला. या वेळी त्याने दात आवळले नव्हते. एक ओळ लिहिली. दुसऱ्या कागदावर तीच ओळ. मग तिसऱ्या.

तिसऱ्या कागदावर नून उतरला. भरलेली, गोल वाटी. मधोमध टिंब.

तौफिक हरखून उठला आणि कागद उस्तादांच्या हातात दिला. उस्तादांनी तो डोळ्यांच्या अगदी जवळ धरला. बोट हवेतच त्या वळणावरून फिरवलं.

“चांगला आहे,” ते म्हणाले. “लागू दे वाचनालयाच्या दारावर.”

तौफिकचा चेहरा फुलला. “उस्ताद, खरं सांगतो, लिहिताना मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही! माग नाहीत, काही नाही. बहिराच झालो होतो जणू!”

उस्तादांनी कागद खाली ठेवला. त्यांच्या कपाळावर आठी उमटली.

“नझीर आला होता.”

“कधी?”

“तू लिहीत होतास तेव्हा. दारात उभा राहिला. जमलं का बेटा, म्हणून दोनदा विचारलं त्याने. मग परत गेला.”

“पण... माझं लक्ष ओळीत होतं, उस्ताद. तुम्हीच तर म्हणता, लक्ष हलू देऊ नकोस.”

भिंतीपलीकडे माग धडधडत होते.

उस्तादांनी एक कोरा कागद त्याच्यापुढे टाकला, अगदी फेकल्यासारखा.

“लक्ष हलू देऊ नकोस म्हणालो होतो, दारातला माणूस ऐकू नकोस असं नाही. आता ऐकत लिही.”