केरबा आणि नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम

बाजार भरणाऱ्या एका गावात केरबा नावाचा एक भोळा गडी राहत होता. सांगितलेलं काम तो चोख करायचा. एकदा शिकवलेलं कधी विसरत नसे. सगळी अडचण तिथंच होती.

त्याच गावात बाजीराव चौगुल्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. एक टीव्ही, एक काळा डबा, दोन रिमोट आणि काचेच्या कपाटात पिवळ्या-निळ्या कॅसेटी. प्रत्येक कॅसेटवर छापलेलं, 'नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम'. आत गेम सहा. टँकचा, विमानाचा, मोटारसायकलचा, बदकं मारायचा आणि उड्या मारायचे दोन. तेच सहा नवी नावं घेऊन पुन्हा पुन्हा यायचे. कॅसेट कुठल्या कंपनीची, हे विचारायचं नाही. कंपनीलासुद्धा ते ठाऊक नव्हतं.

दुकान होतं पंचायतीच्या जागेवर. तशात वॉर्डातल्या एका जागेची निवडणूक लागली. आप्पा खोत उभे राहिले आणि म्हणाले, "निवडून आलो की पहिलं ते दुकान उठवतो." मग बाजीरावांनाही उभं राहणं आलं. जिंकले तर दुकान राहणार, हरले तर काचेचं कपाट घरी नेऊन त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवायच्या.

प्रचाराला फिरायचं तर दुकानात माणूस हवा. त्यांनी केरबाला ठेवलं. गावात त्याच्याइतका प्रामाणिक कुणी नव्हता. नकली मालाच्या दुकानात असा माणूस ठेवू नये, एवढं काही बाजीरावांना सुचलं नाही.

पहिल्याच दिवशी कॅसेट लागेना. पडद्यावर नुसत्या मुंग्या. बाजीरावांनी कॅसेट काढली, खालून जोरात फुंकर मारली आणि परत लावली. गेम सुरू.

"बघितलंस? नीट लागत नसलं की फुंकर मारायची."

"कळलं, मालक."

संध्याकाळी बाजीरावांनी प्रचाराचा नारळ फोडला. चार प्रतिष्ठित मंडळी जमली. देवापुढची समई फडफडत होती, नीट लागत नव्हती. केरबा पुढे झाला आणि त्यानं जोरात फुंकर मारली. अंधारात कुणीतरी म्हणालं, "शकुन तर बरा झाला."

बाजीराव दात खाऊन म्हणाले, "अरे, फुंकर काय मारतोस? वारा लागू द्यायचा नाही. चारी बाजूंनी झाकून धरायचं."

"कळलं, मालक. पुढच्या वेळी."

दुसऱ्या दिवशी गेमच्या डब्यावर टेबलफॅनचा वारा येत होता. केरबाला ते खटकलं. त्यानं पंखा बंद केला आणि घरून गोधडी आणून डबा चारी बाजूंनी झाकला. दुपारपर्यंत दुकानातून असा वास सुटला की शेजारचा शिंपी आपली इस्त्री बघायला धावला.

"डबा भाजलास की रे," बाजीराव म्हणाले. "गरम झालं की आधी बटण बंद करायचं. मग पहिल्यापासून सुरू करायचं."

"कळलं, मालक. पुढच्या वेळी."

पुढची वेळ लगेच आली. बाजीरावांनी मतदारांसाठी सत्यनारायण घातला. गुरुजी माईकवरून शेवटचा अध्याय वाचत होते. शिऱ्याचा वास सुटला होता. अर्धा वॉर्ड केळीच्या पानाच्या तुकड्यांकडे डोळे लावून बसलेला. केरबानं सहज माईकच्या मशीनला हात लावला. गरम. त्यानं बटण बंद केलं.

"गुरुजी, पहिल्यापासून सुरू करा."

गुरुजी जुन्या वळणाचे. कथा तुटली म्हणजे तुटली. त्यांनी पुन्हा पहिला अध्याय काढला. तिसऱ्या अध्यायापर्यंत अर्धी माणसं उठून गेली. खोतांच्या दारात भेळ वाटत होते.

"अरे, चालू असलेल्या कामाला हात लावायचा नाही," बाजीराव रडवेले होऊन म्हणाले. "गप्प बसून बघायचं."

"कळलं, मालक. पुढच्या वेळी."

मग भिंतींवर पत्रकं लावली. हात जोडलेले बाजीराव, गल्लीभर. खळ चांगल्या गव्हाच्या पिठाची होती. खोतांची शेळी आली आणि एका टोकापासून बाजीरावांना खात सुटली. चालू असलेलं काम. केरबा पायरीवर गप्प बसून बघत राहिला. बाजीराव आले तेव्हा शेवटच्या पत्रकावर फक्त जोडलेले हात उरले होते.

"तुला तोंड नाही का रे? डोळ्यांना दिसतंय तर बोलायचं! जे असेल ते मोठ्यानं सांगायचं!"

"कळलं, मालक."

दुसऱ्या दिवशी कदम मास्तर नातवासाठी कॅसेट घ्यायला आले. बाजीराव कौतुकानं म्हणाले, "मास्तर, नातू म्हातारा होईल, पण हे गेम संपायचे नाहीत."

केरबा मोठ्यानं म्हणाला, "मास्तर, आत सहाच हायेत. सातवा लावला की परत पहिलाच येतोय. फकस्त नाव बदलतंय."

मास्तरांनी कॅसेट काउंटरवर ठेवली, चष्मा पुसला आणि गेले.

बाजीरावांनी या वेळी आवाज चढवला नाही. माणूस फार थकला की चढत नाही. ते म्हणाले, "केरबा, धंद्यात असं बोलू नये. काय सांगायचं ते ऐक. कुठल्याही नावावर दाबा, आत तुम्हाला पाहिजे तेच निघतं. म्हण बघू."

"कुठल्याही नावावर दाबा, आत पाहिजे तेच निघतं."

"शाबास. डोक्यात पक्कं बसव."

केरबानं पक्कं बसवलं.

आठवड्याभरानं तालुक्याहून एक साहेब आले. नकली माल शोधत हिंडत होते. त्यांनी कॅसेट उलटीसुलटी केली. "ही कुठल्या कंपनीची?"

"कुठल्याही नावाची घ्या, साहेब. आत पाहिजे तेच निघतं," केरबा अदबीनं म्हणाला. "नावाचे कागद मालकच चिकटवत्यात. या, मागच्या खोलीत दावतो. डिंक अजून ओला आसंल."

साहेब खोली बघून आले आणि सगळं कपाट रिकामं करून घेऊन गेले. पुन्हा दिसलात तर आत टाकीन, असंही सांगून गेले. बाजीरावांनी कपाळाला हात लावला.

"अरे, असा साहेब काही दाखवून विचारायला लागला की एकच उत्तर द्यायचं. ओळखत नाही साहेब, पहिल्यांदाच बघतोय. बास. त्यापुढं एक अक्षर नाही."

"कळलं, मालक. पुढच्या वेळी."

मतदानाचा दिवस उजाडला. केंद्रात बाजीरावांतर्फे दिवसभर बसायला प्रतिनिधी हवा होता. कुणी तयार होईना. शिऱ्याविना उठून गेलेले तर समोरूनच जात नव्हते. राहिला केरबा. बाजीरावांनी त्याला बजावलं, "साहेब विचारतील तेवढंच बोल."

केरबा दिवसभर शहाण्यासारखा बसला. बाजीरावांना भरून आलं. ते स्वतः बाहेर उन्हात हात जोडून उभे होते. एकेक मत ओढून आणत होते. स्वतःचं मत राहिलंय, हे त्यांना अगदी शेवटी आठवलं. धापा टाकत ते आत शिरले.

केंद्रावरचा साहेब परगावचा होता. खोतांचा भाचा तिथं त्यांचा प्रतिनिधी म्हणून बसलेला. तो मिस्कीलपणे म्हणाला, "साहेब, हे चौगुलेच कशावरून? माझी हरकत आहे."

साहेब हसले. केरबाकडे वळून म्हणाले, "तुम्ही तर चौगुल्यांचेच प्रतिनिधी. यांना ओळखता ना?"

बाजीरावही हसले.

केरबा उठला. त्यानं हात जोडले. "ओळखत नाही, साहेब. पहिल्यांदाच बघतोय."

बाजीराव ओरडले, शपथा घातल्या, केरबाला हलवलं. केरबा त्यापुढं एक अक्षर बोलला नाही. साहेबांना तो माणूस फार विश्वासू वाटला. एवढ्यात वेळ संपली, बाजीरावांना मत न देताच बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

मोजणी झाली. बाजीराव एका मतानं पडले.

दिवेलागणीला ते दुकानाच्या पायरीवर बसले. आत रिकामं कपाट. समोरून खोतांची मिरवणूक गुलाल उधळत गेली, शेळीच्या गळ्यातही हार होता. केरबा शेजारी येऊन बसला. त्यालाही फार वाईट वाटत होतं.

"ओळखत नाही म्हणालास," बाजीराव हळूच म्हणाले. "असू दे. मीच शिकवलं होतं. पण केरबा, तू तरी मत दिलंस ना?"

"दिलं की, मालक. सकाळी सगळ्यांच्या आधी."

"मला?"

"तुम्हालाच. दुसऱ्या कुणाला देईन? वरच्या नावावर शिक्का मारला, शाई नीट लागावी म्हणून फुंकर मारली आणि घडी करून पेटीत टाकला."

बाजीरावांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "केरबा, वरचं नाव खोतांचं होतं."

"असू दे की, मालक," केरबानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "कुठल्याही नावावर दाबलं तरी आत पाहिजे तेच निघतं. अजून सगळ्या चिठ्ठ्या नीट बघितल्या नसतील त्यांनी. तुम्ही निघाल."