तपासणीला न आलेली बाई

“आणि जे परत आलेच नाहीत, त्यांचं काय?”

बागवान सरांनी विचारलं आणि चष्मा काढून हातात घेतला.

डॉ. हेरंब धामणकर हसला. हा प्रश्न येणार, हे त्याला ठाऊक होतं.

“सर, अशी गळती सगळ्याच अभ्यासांत असते. कुणी गाव सोडतं, कुणी फोन उचलत नाही. त्यांना आम्ही वगळलं. पद्धतच आहे तशी.”

“वगळलं…”

“पण जे आले, त्यांच्यातले शंभरात सत्त्याण्णव समाधानी आहेत. गुडघा बदलल्यावर असे निकाल आपल्या भागात तरी कुणी दिलेले नाहीत.”

मिरजेतल्या कितीतरी हाडांच्या डॉक्टरांना अयूब बागवान सरांनी शिकवलं होतं. आता त्यांनी सुरी खाली ठेवून बरीच वर्षं झाली होती. हेरंब त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. आता त्याचं स्वतःचं मोठं हॉस्पिटल होतं. पुढच्या आठवड्यात पुण्याच्या परिषदेत त्याला आपलं संशोधन मांडायचं होतं. त्याआधी सरांचा आशीर्वाद घ्यायला तो आला होता. म्हणजे खरं तर, शाबासकी घ्यायला.

“का आले नसतील रे ते?” सरांनी पुन्हा विचारलं.

“बरे झाले म्हणून, सर. दुखणं गेलं की माणूस डॉक्टरकडे कशाला येतोय? आपापल्या कामाला लागतो.”

“असं तू धरून चाललास.”

“धरून कशाला? एक बाई सांगतो. सुमित्राबाई रासने. कासारीण. बांगड्या घेऊन गावोगाव हिंडायची. माझ्याकडे आली तेव्हा भिंत धरल्याशिवाय पाऊल उचलत नव्हतं. मी उजवा गुडघा बदलला आणि आठवड्याच्या आत बाई जिना चढली! ती फिल्म मी प्रत्येक व्याख्यानात दाखवतो. लोक टाळ्या वाजवतात, सर. आणि ही बाई नंतर तपासणीला फिरकलीसुद्धा नाही. आता इतकी ठणठणीत बाई…”

“कुठं राहते?”

“वारणेकाठी. तासाभराचा रस्ता.”

सर उठले. पायांत चपला सरकवल्या.

“चल.”

“आत्ता?”

“हिंडताना बघू तिला.”

…

घर गावाच्या टोकाला होतं. दार सुनेनं उघडलं. हेरंबला पाहिलं आणि ती दारातच उभी राहिली.

“आत्या झोपल्यात,” ती म्हणाली.

आतून आवाज आला, “कोण हाय गं नंदा?”

“मिरजेचे डॉक्टर आल्यात.”

आत खाट करकरली.

मग सावकाश उत्तर आलं. “थांबव त्यास्नी जरा. पदर नीट करते.”

आत गेले तेव्हा सुमित्राबाई भिंतीला टेकून खाटेवर बसल्या होत्या. कंबरेपासून खाली वाकळ ओढलेली. चेहरा वाळलेला, पण त्यांनी हसून हात जोडले.

“आलासा व्हय डॉक्टर. बसा की.”

“कशा आहात मावशी? गुडघा काय म्हणतोय?”

“गुडघा? झाक हाय.”

“दुखतबिखत नाही ना?”

“आता न्हाई दुखत.”

“मग तपासणीला का आला नाहीत?”

“सवड झाली न्हाई बघा.”

हेरंबनं सरांकडे पाहिलं. सांगितलं नव्हतं का मी, असं ते पाहणं होतं.

 खुर्ची सोडून सर खाटेच्या कडेला टेकले. गुडघ्यावर धीराचा हात ठेवावा, तसा त्यांनी वाकळेच्या उजव्या अंगावर हात ठेवला.

हात खाली गेला. थेट खाटेच्या दोरीपर्यंत.

तिथं वाकळेखाली काहीच नव्हतं.

…

नंदा दाराशी उभी होती, ती तोंड फिरवून चुलीकडे गेली.

“कधी?” सरांनी विचारलं. आवाज अगदी हळू.

“आखाडात,” सुमित्राबाई म्हणाल्या. “मांडीपासनं काढला. सरकारी दवाखान्यात. विष वर चढाय लागलं हुतं म्हणाले.”

हेरंब उभा राहिला होता. आपण कधी उठलो, हे त्याला कळलं नव्हतं.

“पण… मावशी, तुम्ही माझ्याकडे का आला नाहीत?”

“आले हुते की.”

“कधी? मला कुणी सांगितलं नाही.”

“सांगणार कोण? टाक्याच्या जागेतनं पाणी याय लागलं, ताप हटंना. नंदाला घेऊन आले. खालच्या पोरीनं सांगितलं, डॉक्टर वर हॉलात हाईत, लांबलांबचे डॉक्टर आल्यात. म्हटलं, वर जाऊन भेटू. गेलो वर. दार उघडं हुतं, आत अंधार केल्ता. आणि भिंतीवर…”

त्यांनी दोन्ही हात पसरले.

“भिंतीवर मी हुते. एवढी मोठी. जिना चढत हुते. तुम्ही म्हणत हुता, ह्या बाईला बघा. सगळी लोकं टाळ्या वाजवाय लागली.”

“मग आत का नाही आलात? हाक का नाही मारलीत?”

“कशी मारू? पायातनं पू गळत हुता, डॉक्टर. त्या लोकांत कशी येऊ? तुमचं तोंड पडलं असतं.”

चुलीपासून नंदा म्हणाली, “मी म्हणत हुते, आत जाऊ. माझा हात धरून ह्यांनीच मागं वढलं. गावातल्या डॉक्टरानं गोळ्या दिल्या, त्याच खात बसल्या. तुमच्या दवाखान्याचा फोन यायचा, तोबी उचलू द्यायच्या न्हाईत. म्हणायच्या, काय सांगायचं त्यास्नी?”

“गप गं,” सुमित्राबाई म्हणाल्या. मग हेरंबकडे वळल्या. “तुमचा काय दोष न्हाई. तुम्ही बसवलेला गुडघा चांगलाच हुता. माझंच अंग वाईट.”

हेरंबला बोलायचं होतं. अंग वाईट नव्हतं, शंभरात एखाद्याला हे होतंच, वेळेवर कळलं तर आवरता येतं, असं बरंच काही. त्यातलं एकही वाक्य या खोलीत बोलण्यासारखं नव्हतं.

“ती फिल्म अजून दावता काय?” बाईंनी विचारलं.

तो सावकाश खाली बसला.

“दावता काय, डॉक्टर?”

“दाखवतो.”

“मला एकदा दावा. तवा अंधारात धड बघितलीच न्हाई. भ्या वाटत हुतं, कोण मागं वळून बघंल म्हणून.”

हेरंबनं सरांकडे पाहिलं. सर जमिनीकडे पाहत होते.

त्यानं फोन काढला.  फिल्म लावून त्यानं फोन बाईंच्या हातात दिला.

त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला. हिरव्या काठाचं लुगडं नेसलेली बाई कठड्याला हात न लावता एकेक पायरी चढत होती. वर पोचल्यावर मागं वळून हसली. मग जिन्याखालच्या नर्सांच्या टाळ्या.

“आगं बाई,” सुमित्राबाई म्हणाल्या, “किती ताठ चालत हुते मी.”

त्यांनी पुन्हा लावायला सांगितली. मग पुन्हा.

तिसऱ्यांदा फिल्म संपली तेव्हा त्यांनी फोन परत दिला आणि वाकळ नीट ओढून घेतली.

“नंदा, चहा टाक. लांबनं आल्यात.”

…

दोघं परतीच्या वाटेला लागले. दोन्हीकडे ऊस दाटला होता. नदीच्या अलीकडे हेरंबनं गाडी कडेला घेतली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसाच बसून राहिला.

“त्या दिवशी तिला पाहिलं असतं, तर सांधा उघडून धुतला असता, सर. कदाचित गुडघा गेला असता… पण पाय राहिला असता.”

“कदाचित.”

“दारात उभी होती ती. माझ्यापासून वीस पावलांवर.”

“हं.”

“सर, मला शिव्या तरी द्यायला हव्या होत्या तिनं.”

सरांनी खिडकीची काच खाली केली.

“तिला हिशेबात धरलं, तरी तुझा आकडा फारसा हलत नाही,” ते म्हणाले. “सत्त्याण्णवच राहील.”

“सर!”

“खोटं आहे?”

“नाही…” हेरंब म्हणाला. मग हळूच, “आणखीही असतील. मला माहीत नसलेले.”

“असतील.”

मागून उसाचा ट्रॅक्टर आला, गाणं वाजवत पुढे गेला. धूळ बसेपर्यंत दोघं थांबले.

“मी पुण्याला जात नाही. परिषदेला आजच कळवतो. हे तोंड घेऊन कसा उभा राहू?”

“लाज वाटते?”

“फार.”

“तिलाही वाटली होती,” सर म्हणाले. “मागं फिरली ती. पुढं काय झालं, ते पाहिलंस.”

हेरंबनं मान खाली घातली…

पुन्हा वर केली, तेव्हा त्याचे डोळे ओले होते. पण आवाजात जुनी धार आली होती. शस्त्रक्रियेला उभा राहताना यायची तीच.

“ठीक आहे. जाईन. तिचं सगळं सांगीन तिथं, काही लपवणार नाही. आणि तिला असं खाटेवर पडू देणार नाही मी. मांडीची जखम भरली असेल आता. उत्तमातला उत्तम पाय बसवून घेऊ. माझ्या हॉस्पिटलमध्ये, माझ्या देखरेखीखाली. वर्षाच्या आत तिला पुन्हा जिना चढवीन, सर. चालवून दाखवीन!”

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशी वर्गात पाहिलं असेल, तसं.

“दाखवशील… कुणाला?”