पोळपाटाशी बसलेला ब्रँडवाला

शालन माझी सून. तिच्या उडदाच्या पापडांचा ब्रँड करून द्यायला एक निखिलेश आला, कॉलरला माइक, पायात पांढरे बूट. म्हणाला, "पाकिटावर माझा फोटो आणि धंद्यात अर्धी भागीदारी. मोबाइलवर एक लाख लोक माझ्या शब्दावर धावतात!"

शालन बिचारी हो म्हणायच्या बेतात. पापड तिचे नि थोबाड याचं!

मी म्हणलं, "बाळा, आत्ता हाक मार. मीपण मारते. ज्याची माणसं आधी दारात, त्याचं खरं. हरलास तर पापड लाटायचे."

हसतच कबूल झाला. मोबाइल उंच धरून त्यानं सगळ्यांना बोलावलं. पडद्यावर लाल लाल बदाम उडाले, दारात माणूस नाही. मी गच्चीवरून ओरडले, "लाट्या खायला या गंऽ!" तेलात बुडवलेली पापडाची कच्ची लाटी कोण सोडतंय? अख्खी गल्ली पोळपाट-लाटणं घेऊन हजर.

निखिलेश मांडी घालून बसला. एकेक पापड त्याच्या बुटाच्या तळव्यासारखा लांबुळका. बायांनी त्याच्याच मोबाइलवर, शालनचा नंबर सांगत, ते जगाला दाखवलं, आणि शालनचा फोन वाजायलाच लागला, पापड हवेत म्हणून.

"आजी, व्हिडिओ पळतोय!" तो उठायला लागला.

"पळू दे की. तू बस, पीठ अजून बरंच आहे."